सहा सेकंदांची पाटी

दादाने पाटीचा मजकूर वहीच्या पानावर लिहून ठेवला होता. चौदा ओळी. सगळ्यात वर आजोबांचं नाव, त्याखाली दुकान सुरू झाल्याचं साल, मग वडिलांचं, म्हणजे आप्पांचं नाव, मग 'आणि चिरंजीव', मग 'सर्व प्रकारच्या रेडिएटरची कामे', जड वाहने, हलकी वाहने, बस, ट्रॅक्टर, जनरेटर, आणि तळाशी 'आमची कोठेही शाखा नाही' व दोन फोन नंबर. ताईने पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि दादाच्या हातात परत दिलं.

"कसं वाटलं?"

"निबंध छान झालाय."

वहिनी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला हसू आवरेना. दादाने तिच्याकडे पाहिलं तशी ती घाईघाईने कप ठेवू लागली.

"म्हणजे काय? यातलं काय खोटं आहे?" दादा म्हणाला.

"खोटं काहीच नाही रे. पण हे वाचायला माणसानं थांबायला हवं. आणि तो थांबत नाही म्हणून तर तुम्ही मला बोलावलंत."

खरं तर बोलावलं होतं दादाच्या मुलीने. घरात कुणाला न विचारता तिने आत्याला फोन केला होता आणि सगळं सांगून टाकलं होतं. नवा रस्ता सुरू होऊन पाच महिने झाले होते. जुना रस्ता दुकानाच्या दारावरून जायचा. चढ चढून धापा टाकत आलेले ट्रक आपोआप तिथे थांबायचे आणि रेडिएटर उतरवायला माणसं कमी पडायची. आता रस्ता पुलावरून उचलून नेला होता. गाड्या डोक्यावरून निघून जायच्या आणि दुकान खाली, बाजूच्या अरुंद रस्त्यावर पडलं होतं. दिवसाला सात-आठ रेडिएटर यायचे तिथे एक आला तरी दादाचा धाकटा भाऊ बारक्या शिट्टी वाजवायचा. मागच्या महिन्यात 'बंद करू या' हे शब्द आप्पांसमोर पहिल्यांदा बोलले गेले. दादाच बोलला होता. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत, असं भाचीने फोनवर सांगितलं होतं.

म्हणून रविवारी सकाळच्या बसने ताई आली होती. ब्रशांची पेटी, दोरी, मोजपट्टी आणि पुठ्ठ्यांचं भेंडोळं घेऊन. बत्तीस वर्षं ती पाट्या रंगवत होती. मोठ्या गावात तिचा स्वतःचा कारखाना होता, हाताखाली पाच माणसं होती. घरी ती येत-जात राहिली होती, आजारपणाला, लग्नाकार्याला. दुकानाच्या कामात मात्र तिला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि तीही कधी बोलली नव्हती.

त्यामागचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. विसाव्या वर्षी तिने आप्पांना न सांगता दुकानासाठी एक पाटी रंगवली होती. आप्पांनी ती पाहिली, दाराआड भिंतीला टेकवून ठेवली आणि शहरातून एक पेंटर बोलावला. ताईने त्याच पेंटरला 'मला शिकवाल का' असं विचारलं आणि महिन्याभरात घर सोडलं.

"बरं, माझं बघ," बारक्या म्हणाला. शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात तो बारक्याच होता. त्याने फोन पुढे केला. पडद्यावर निळ्या रंगाचा बॅनर होता. एका बाजूला ज्वाळा, दुसऱ्या बाजूला बर्फाचा डोंगर, मध्ये आप्पा, दादा आणि खुद्द बारक्या, तिघेही हाताची घडी घालून.

"हे कुणी केलं?"

"छापखान्यातल्या पोरानं. झकास आहे ना? तासाभरात छापून देतो म्हणाला."

"तुम्ही दोघंही बरोबर असाल," ताई चहाचा घोट घेत म्हणाली. "मी आधी रस्ता बघून येते. मग बोलू."

भाची लगेच चपला घालून निघाली. दुकानात झाळकाम तीच करायची. फुटलेल्या नळीला कथिलाचा डाग द्यायचा, हवा भरून रेडिएटर हौदात बुडवायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. तिच्या बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या. ताईची नजर त्यांवरून फिरली. तिच्या स्वतःच्या नखांत कायमचा रंग होता.

दोघी पुलाच्या कठड्यापासून फाट्यापर्यंत चालत गेल्या. फाट्यावर टायरवाल्याचा मोकळा तुकडा होता. तिथे पाटी उभी करायला त्याने परवानगी दिली होती. ताई कडेने पावलं मोजत होती. एकशे ऐंशी झाली. मग ती कठड्यापाशी परत गेली आणि येणाऱ्या गाड्यांकडे बघत मनाशी आकडे म्हणू लागली.

"काय मोजतेस, आत्या?"

"कठडा संपला की पाटी दिसायला लागते. तिथून फाटा येईपर्यंत किती वेळ जातो ते. सहा सेकंद. त्यातले निम्मे गाडी आवरायला लागतात. मागे आरशात बघायचं, वेग कमी करायचा, कडेला घ्यायचं. उरले तीन. तीन सेकंदांत तुझ्या बाबांच्या चौदा ओळी वाचून दाखव बघू."

भाची हसली. "बाबा तर नुसतं 'आमची कोठेही शाखा नाही' म्हणायलाच तीन सेकंद घेतात."

"आणि अक्षर किती मोठं लागेल सांग."

भाचीने वीतभर अंतर दाखवलं. ताईने तिचा हात धरून कोपरापर्यंत लांबवला. "हातभर. आपल्या लिपीत वर मात्रा, खाली उकार. लांबून ते अक्षराला चिकटतात आणि नुसता काळा पट्टा दिसतो. म्हणून अक्षर मोठं, रेघ जाड आणि दोन अक्षरांच्या मधे श्वास घ्यायला जागा. ही जागा सोडायला शिकायला मला चार वर्षं लागली."

दुपारपर्यंत ताई दुकानातच एका डब्यावर बसून राहिली. दादाला वाटलं, ती आराम करतेय. ती ऐकत होती. अकराच्या सुमाराला एक टेम्पो आला. हे जुनं गिऱ्हाईक होतं, वाट वाकडी करून आलेलं. ड्रायव्हर उतरला तेव्हा आप्पा नेहमीप्रमाणे दाराशी खुर्चीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आप्पा आता हत्यार धरत नसत, पण येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांना भेटूनच आत जाई. त्यांनी मान वर करून विचारलं, "तापली का?"

"तापली ना, आप्पा. चढावरच वाफ मारायला लागली."

तासाभराने एक मोटारवाला वाट विचारत आला. हा अगदी नवखा होता. "गाडी तापलीय हो, कुणी बघेल का?" एवढंच म्हणाला. त्यालाही आप्पांनी आधी तेच विचारलं आणि मग पाणी प्यायला दिलं.

ताईने खिशातून खडू काढला आणि जमिनीवर काहीतरी लिहून पायाने पुसून टाकलं.

चार वाजता तिने सगळ्यांना जीपमध्ये बसवलं. तोवर टायरवाल्याच्या जागेत तीन जुने पत्रे बांबूंना बांधून, एकाआड एक, झाकून उभे केले होते. पहिल्यावर दादाच्या चौदा ओळी तिने खडूने जशाच्या तशा उतरवल्या होत्या. दुसऱ्यावर बारक्याचा बॅनर होता. तेवढ्यापुरता कागदावर छापून आणून डकवला होता. तिसरा तिचा. भाची तिथे थांबून प्रत्येक फेरीला एकेक पत्रा उघडा करणार होती. जीप बारक्याने चालवायची, त्याच्या शेजारी वहिनी, मागे दादा आणि ताई.

"मी कशाला पुढे?" वहिनीने विचारलं.

"कारण तुम्हाला काय लिहिलंय ते माहीत नाही, वहिनी. रस्त्यावरच्या माणसालाही माहीत नसतं. जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं, बस."

पहिली फेरी. कठडा मागे पडला आणि पांढऱ्या खडूने भरलेला पत्रा आला आणि गेला.

"सर्व," वहिनी म्हणाली.

"सर्व काय?" दादा मागून ओरडला.

"तेवढंच वाचता आलं. सर्व."

"दादा, तू काय वाचलंस?" ताईने विचारलं.

दादाने मागे वळून पत्र्याकडे पाहिलं. "मी बाबांचं नाव शोधत होतो," तो म्हणाला. "सापडायच्या आत गेलं." आजोबांना तो बाबा म्हणायचा. आप्पांच्या वडिलांनी त्याला लहानपणी मांडीवर बसवून डाग द्यायला शिकवलं होतं.

दुसरी फेरी. या वेळी वहिनी आधीच बोलली. "कोणीतरी निवडणुकीला उभं राहिलंय."

"वहिनी! तो मी आहे!" बारक्याने जीप जवळजवळ कडेला घातली.

"भाऊजी, तीन माणसं हाताची घडी घालून उभी असली की मला दुसरं काय वाटणार?"

दादाला इतकं हसू आलं की चौदा ओळींचं दुःख तो क्षणभर विसरला. बारक्याही शेवटी हसला. "जाऊ दे, फोटो नको," तो म्हणाला. "पण ज्वाळा चांगल्या होत्या."

तिसरी फेरी. पिवळा पत्रा, त्यावर काळ्या कागदातून कापलेली हातभर अक्षरं. कठडा संपताच वहिनीने वाचलं, "गाडी तापली? रेडिएटर, डावीकडे." आणि फाटा अजून पुढेच होता. बारक्याने नकळत पाय ब्रेकवर ठेवला. जीप आरामात वळली, सर्व्हिस रोडला लागली आणि दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"बघ," ताई म्हणाली, "तुझी गाडी तापलेली नव्हती, तरी वळलास."

दादा उतरला नाही. "चांगली आहे," तो म्हणाला. "पण मग दुकान कुणाचं? उद्या पलीकडे कुणीही एक पत्रा मारेल आणि हेच लिहील. साठ वर्षांचं नाव आहे, ताई. ते तू काढून टाकलंस."

"नाव रस्त्यावर नको म्हणतेय. नकोच म्हणत नाही."

"एकच झालं ते!"

"एक नाही. बारक्या, तूच सांग."

बारक्या एरवी दादाच्या बाजूने असायचा. आता त्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "दादा, मला तिसरी वाचता आली," तो म्हणाला. "मी काय करू?"

"तूही फिरलास!"

आवाज चढले तसे आप्पा खुर्चीतून उठले आणि काठी टेकत जीपपाशी आले. काय झालं ते वहिनीने त्यांना थोडक्यात सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकलं आणि ताईकडे वळले.

"काय लिहिलंस म्हणालीस?"

"गाडी तापली? तुम्हीच विचारता ना, आप्पा, प्रत्येकाला. आज दोनदा ऐकलं मी. लहानपणापासून ऐकतेय. येणारा माणूस दुकानाचं नाव घेत येत नाही. गाडी तापली एवढंच त्याच्या डोक्यात असतं, आणि तुम्ही नेमकं तेच विचारता. मी म्हटलं, तुम्ही दाराशी बसून विचारता ते फाट्यावर विचारू."

आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "मी असं नाही विचारत," ते म्हणाले.

ताईचा चेहरा पडला.

"मी 'तापली का' विचारतो. तू 'का' खाल्लास. नुसतं 'गाडी तापली' म्हणजे दटावल्यासारखं वाटतं. बिचारा आधीच चढावर घामाघूम झालेला असतो. 'का' म्हटलं की विचारपूस होते."

"आणि नुसतंच 'तापली का' लिहिलंत तर लोकांना वाटेल घरातली बाई तापलीय," वहिनी म्हणाली. "तेव्हा गाडी राहू द्या."

सगळे हसले. ताई मात्र फाट्याच्या दिशेने बघत होती. एका अक्षराला हातभर जागा लागणार होती. दिवसभर तिने प्रत्येकाचे शब्द कापले होते, आणि हा एक शब्द तिला कापता येईना. तिने मनातल्या मनात अक्षरं जरा सरकवली. गा, डी, मग मोकळी जागा, ता, प, ली, का. पत्रा चौदा फुटी घ्यावा लागेल. बसेल.

"ठेवते 'का'," ती म्हणाली.

"आणि नाव?" दादाने विचारलं. आवाज मऊ झाला होता, पण प्रश्न तसाच होता.

ताई जीपच्या पायरीवर बसली. "दादा, गिऱ्हाइकाचा रेडिएटर उतरवला की तो किती वेळ बसतो इथे?"

"दोन तास. कधी तीन."

"तेव्हा काय करतो?"

"काय करणार, भिंतीकडे बघत बसतो."

"त्याच्यासमोरच्या भिंतीवर मी तुझ्या चौदाच्या चौदा ओळी लिहिते. छत्तीस पानी वही दिलीस तरी लिहीन. थांबलेल्या माणसाला वाचायला वेळ असतो. आजोबांचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं. फक्त एक ओळ मी बदलणार."

"कुठली?"

"'आणि चिरंजीव'. तुझी मुलगी रोज सकाळपासून हौदावर उभी असते. ती कुठल्या ओळीत आहे?"

दादाने मुलीकडे पाहिलं. ती फाट्यावरून पत्रे आवरून चालत आली होती आणि काय बोलणं चाललंय ते न कळून दारात थबकली होती. वहिनी नवऱ्याकडे एकटक बघत होती. अशी बघायला लागली की घरात सहसा तिचंच खरं व्हायचं.

"'आणि मंडळी' कर," दादा म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "नको, ते लग्नपत्रिकेसारखं होतं. तिचं नाव लिही. आमच्या दोघांच्या शेजारी. त्याच मापाचं."

भाची वळून आत निघून गेली. आतून बराच वेळ नुसता नळाचा आवाज येत राहिला.

आप्पा अजून उभेच होते. "ताई," ते म्हणाले, "तुझी ती पहिली पाटी मी लावली नाही."

ताईने हातातली मोजपट्टी गुंडाळायला सुरुवात केली.

"अक्षर तुझंच चांगलं होतं. त्या पेंटरनं लिहिली त्याच्यापेक्षा चांगलं. मला ते तेव्हाही कळत होतं. पण मी घाबरलो. लोक म्हणतील, याला पेंटर परवडत नाही, पोरीकडून रंगवून घेतो. बत्तीस वर्षं मी त्याची पाटी बघत या खुर्चीत बसलोय. तिच्यातला 'र' वाकडा आहे."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. तिचा आवाज फुटला, आणि तरी ती हसत होती. "मीच त्याच्या हाताखाली ब्रश धुवायला होते तेव्हा. मी त्याला दाखवलाही होता. तो म्हणाला, लोकांना कळत नाही."

"मला कळत होतं," आप्पा म्हणाले.

सोमवार आणि मंगळवार रंगकामात गेले. अंगणात चौदा फुटी पत्रा विटांवर आडवा टाकला. आधी गंज खरवडला, मग अस्तर, मग पिवळ्याचे दोन हात. ताईने खडूच्या दोरीने रेघा मारल्या. दोरीचं दुसरं टोक दादाने धरलं होतं. ती 'सोड' म्हणाली की तो सोडायचा. तासभर त्याने दुसरं काही केलं नाही आणि कुणी हाक मारली तरी हलला नाही. अक्षर भरताना ताई गुडघ्यांवर बसायची आणि श्वास रोखून ब्रश ओढायची. 'का'ची दांडी एका दमात खाली आली तेव्हा बारक्या म्हणाला, "ताई, हे मी केलं असतं तर सापासारखं गेलं असतं." भाचीने खालची ओळ भरायला मागितली. ताईने तिला 'रेडिएटर'मधला 'ट' दिला आणि पाठीमागे उभी राहून तोंडातून शब्द काढला नाही. 'ट' चांगला आला.

बुधवारी सकाळी पाटी उभी राहिली. पहिला तास काहीच झालं नाही. दादा तीनदा फाट्यावर जाऊन आला. मग पुलावरून उतरणाऱ्या एका बसचा दिवा लुकलुकला. ती वळली आणि सर्व्हिस रोडवर धापा टाकत दुकानासमोर थांबली. ड्रायव्हर उडी मारून उतरला. बॉनेटमधून वाफ निघत होती. आप्पांनी तोंड उघडलं, पण त्यांना काही विचारायची वेळच आली नाही.

"हो, तापली," ड्रायव्हर म्हणाला.

आप्पा इतके खूश झाले की त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. ड्रायव्हरला त्याचं कारण काही कळलं नाही. दुपारपर्यंत दोन ट्रक आले, संध्याकाळी एक ट्रॅक्टर. भाचीला जेवायला बसायला साडेतीन वाजले, आणि त्याबद्दल तिने एक शब्दही तक्रार केली नाही.

भिंतीवरच्या ओळी ताईने गुरुवारी लिहायला घेतल्या. बाकावर बसलेला एक ट्रकवाला तिच्या ब्रशामागोमाग मोठ्याने वाचत होता. भाचीच्या नावापाशी आला तेव्हा हौदावरच्या मुलीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ही का?" आणि दादा म्हणाला, "हीच."

शेवटची ओळ वाळत होती तेव्हा टायरवाला आला. फाट्यावरची जागा त्याचीच होती, त्यामुळे त्याचा थोडा हक्क होता असं त्याला वाटत असावं. तो भिंतीसमोर उभा राहिला, मग कमरेवर हात ठेवून दादाला म्हणाला, "तुमच्या बहिणीला सांगा की, माझीही एक काढून द्या. रंग उरलाच असेल. त्यांच्या दुपारच्या बसच्या आधी होऊन जाईल."

ताई हौदापलीकडे रॉकेलमध्ये ब्रश धूत होती. तिने मान वर केली नाही. जागा दिली त्याने, नाही कसं म्हणायचं, असा हिशेब ती मनाशी करत होती.

पण दादा आधी बोलला. हातातला पाना त्याने बाकावर ठेवला.

"जागा दिलीत, उपकार आहेत तुमचे," तो म्हणाला. "तुमच्या ट्रकचा रेडिएटर मी जन्मभर फुकट करून देईन. पण पाटी अशी नाही मिळायची. आधी ती येऊन तुमचा रस्ता चालेल. दिवसभर तुमच्या दुकानात बसेल. तुम्ही बोलाल ते ऐकेल. मग तुमचे निम्मे शब्द कापेल आणि तुम्हाला राग येईल. मला आला होता. पेंटर आहे ती. तिच्या कारखान्यात जा आणि नंबर लावा. तिथे लोक वाट बघत असतात."

टायरवाल्याने ताईकडे पाहिलं. तो जरा अदबीने पुढे आला, आणि या वेळी त्याने तिलाच विचारलं, "मग कधी येऊ, बाई?"

ताईने ब्रश फडक्याला पुसला. "पुढच्या आठवड्यात या," ती म्हणाली. "आणि येताना तुमची गिऱ्हाइकं आल्या आल्या पहिला शब्द काय बोलतात, ते ऐकून या."